‘माहा गडवा कोनं नेला?’ : विसरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या वस्तूंविषयी



इतवारीच्या नावातच इतवार आहे, आणि आमचा तिकडचा फेराही इतवारचाच. धर्मग्रामातील आम्ही पाचसहा जण महिन्यातून दोन रविवारी, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, इतवारीलगतच्या एका लहानशा वृद्धनिवासात जातो. वर्तमानपत्र वाचून दाखवणे, नखे कापून देणे, डोक्याला तेल लावणे, चार गोष्टी बोलणे, एवढेच आमचे काम. तिथे सतरा-अठरा जण राहतात. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर ज्याला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात तो. आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे. पण त्यात आजारापेक्षा त्यांचे गडवे, चष्मे आणि शाली यांविषयीच जास्त लिहिले आहे.

एक पितळी गडवा

तिथे एक आजी आहेत, ऐंशी पार केलेल्या. आल्या तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक, चार लुगडी, एक गोधडी आणि पितळेचा एक गडवा होता. (पश्चिम महाराष्ट्रातून इकडे आलेल्या वाचकांसाठी : गडवा म्हणजे तांब्या.) गडव्यावर नाव घातलेले होते. पूर्वी लग्नात भांडे द्यायचे तर दुकानातच कारागीर छोट्या छिन्नीने ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरे काढून द्यायचा : कोणाला दिले, कोणी दिले, कोणत्या तारखेला. या गडव्यावर आजींच्या यजमानांचे नाव होते, मामांचे नाव होते आणि लग्नाची तारीख होती. आजींना वाचता येत नाही. पण पाणी पिताना त्यांचा अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरत असे.

पुढे निवासातली सगळी भांडी बदलली. पितळ चिंचेने घासावे लागते, कल्हई करावी लागते, पडले तर पायावर पडते. म्हणून सर्वांना एकसारखे हलके प्लॅस्टिकचे गिलास आले. गडवा ‘नीट राहावा’ म्हणून कोणीतरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवून दिला, आणि ठेवणारी व्यक्ती पुढे काम सोडून गेली. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता.

आजी पाणी कमी पिऊ लागल्या. समोर ठेवलेल्या गिलासाकडे बघून म्हणत, “हा माहा नोहे.” काही दिवसांनी त्या म्हणू लागल्या, “माहा गडवा कोनं नेला? त्या बाईनं नेला.” ती बाई म्हणजे रात्रपाळीच्या मावशी. पहिल्या दिवशी सगळे हसले. आठव्या दिवशी आजींची लेक भेटायला आली, तिने ऐकले, आणि मावशींची पिशवी सर्वांसमोर उघडून पाहिली गेली. पिशवीत डबा होता, छत्री होती आणि मुलाच्या शाळेची फी भरल्याची पावती होती. मावशी काही बोलल्या नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या आजींच्या खाटेजवळ लागल्याशिवाय जाईनाशा झाल्या. अशा घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. रात्री आजींना उठवून संडासला नेणारे माणूस तेवढे एकच होते.

गडवा सापडला तो दिवाळीच्या सफाईत. तोवर अडीच महिने गेले होते.

त्या अडीच महिन्यांत आम्हीही तिथे जात होतो. आजी गडवा मागत आणि आम्ही “सापडेल हं आजी” म्हणून विषय बदलत होतो. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिले आहे ते आम्ही शहाणे म्हणून लिहिले आहे असे कोणाला वाटू नये.

काय जाते आणि काय राहते

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना. प्रत्येक धर्मग्रामात अशी घरे आहेत. फक्त ‘म्हातारपणाची सवय’ म्हणून ती गोष्ट घरातच राहते.

या आजाराच्या सर्वांत सामान्य प्रकाराला ज्यांचे नाव पडले त्या डॉ. अलोइस अल्झायमर यांनी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली एका ५१ वर्षांच्या बाईंची तपासणी केली होती. त्यांनी लिहून ठेवलेले कागद १९९५ साली पुन्हा सापडले. त्यांत एक साधी नोंद आहे. डॉक्टरांनी बाईंना पेन्सिल, पेन, त्यांचीच पर्स, किल्ली, डायरी, सिगार अशा वस्तू दाखवल्या. बाईंनी सगळ्या बरोबर ओळखल्या. थोड्या वेळाने काय काय दाखवले होते असे विचारले, तर त्यांना आठवेना.

या नोंदीत आपल्या विषयाचे मूळ आहे. वस्तू समोर असते तेव्हा ती बऱ्याचदा ओळखू येते. डोळ्यांआड गेली की ती नाहीशीच होते. आपण कपाट बंद करतो तेव्हा आत शाल आहे हे आपल्याला ठाऊक असते. या आजारात ते ठाऊक असणेच गळून जाते. म्हणून कपाटाचे दार लावले की शाल चोरीला जाते, आणि उघडले की परत येते. आजी खोटे बोलत नसतात. त्यांना जे दिसते तेच त्या सांगत असतात.

दुसरी गोष्ट अशी की सगळ्या आठवणी मेंदूत एकाच जागी राहत नाहीत. सकाळी काय खाल्ले ही आठवण लवकर जाते. हाताची सवय, म्हणजे भाकरी थापणे, सुईत दोरा ओवणे, जपमाळेचे मणी सरकवणे, ही पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, कारण ती मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधाराने चालते. बालपणी आणि तरुणपणी पक्की झालेली आठवण काल-परवाच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते. म्हणून खूण करायची ती या टिकणाऱ्या आठवणीला सापडेल अशी करावी लागते.

आमची पहिली चूक इथेच झाली. गडवा सापडल्यावर आम्ही ठरवले की एक जोडगडवा घ्यावा, म्हणजे एक हरवला तर दुसरा असेल. कल्पना चांगली होती. आम्ही इतवारीच्या भांड्यांच्या बाजारातून जवळजवळ तसाच गडवा आणला आणि त्यावर यंत्राने आजींचे स्वतःचे नाव घालून घेतले, सुबक अक्षरांत. आजींनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. यंत्राची रेघ बारीक आणि गुळगुळीत. बोटाला तिथे काही लागेना. शिवाय जुन्या गडव्यावर त्यांचे नाव कधी नव्हतेच. मग हाताने ठोकून नाव घालणारा कारागीर शोधावा लागला. त्याने जुना गडवा समोर ठेवून ठिपका-ठिपका तसाच उतरवून दिला, मामांच्या नावासकट. आता आजी दोन्ही गडव्यांतून पाणी पितात. कधी मात्र नव्याकडे बघून म्हणतात, “हा सासूबाईचा, त्याईले द्या.” त्या दिवशी आम्ही जुना देतो.

शब्दांचेही तसेच आहे. निवासात सांगलीकडची एक परिचारिका आली होती, स्वभावाने फार गोड. ती विचारायची, “आजी, तांब्या देऊ का?” आजी गप्प. ‘गडवा’ म्हटले की हात पुढे येई. इकडे पातेल्याला गंज म्हणतात, परातीला कोपर म्हणतात. आपल्या निवासांतून मराठी, हिंदी, कोंकणी, तमिळ, मलयाळी बोलणारी माणसे शेजारी-शेजारी राहतात. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि आईची भाषा उरते. म्हणून नवे माणूस दाखल होताना घरच्यांकडून दहा-बारा वस्तूंचे घरचे शब्द लिहून घ्यावेत आणि तो कागद खाटेजवळ चिकटवावा. खर्च काही नाही.

धोब्याची खूण आणि बिब्बा

निवासात सर्वांत जास्त अदलाबदल होते ती कपड्यांची. सगळे कपडे एकत्र धुतले जातात, एकत्र वाळतात, आणि घडी घालणाऱ्या बाईला सतरा पांढऱ्या बनियनी एकसारख्याच दिसतात. आपल्याकडे यावर जुना उपाय होता. धोबी प्रत्येक घराच्या कपड्यांवर कोपऱ्यात ठिपक्या-रेघांची खूण करी, आणि ती खूण इतकी पक्की की पोलीससुद्धा तपासात तिचा उपयोग करत. ती बिब्ब्याने केली जाई. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर कापडावर लावला की काळा डाग पडतो आणि धुऊन जात नाही. म्हणूनच इंग्रजांनी बिब्ब्याला खुणेचे फळ असे नाव दिले.

विदर्भात बिब्बा परका नाही. गोडंबी काढताना बायकांचे हात कसे उततात हे इथल्या पुष्कळांनी पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर नि कमरेवर चट्टे उठू लागले, तेव्हा शोध घेतल्यावर कारण निघाले ते धोब्याच्या खुणेतला बिब्बा. वृद्धांची कातडी पातळ असते. तेव्हा कोणी हौसेने जुनी पद्धत सुचवली तर नम्रपणे नको म्हणावे.

दोऱ्याची खूण उत्तम. मार्करची शाई गरम पाण्यात आणि उन्हात फिकी होते, चिकटवलेले लेबल सुटते आणि टोचते. जाड रंगीत दोऱ्याने आतल्या बाजूला दोन टाके घातले तर ते कापडाइतकेच टिकतात. पण इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. खूण दोघांसाठी असते. घडी घालणाऱ्या बाईसाठी खाटेचा नंबर पुरतो; तो आत, मानेच्या मागे असावा. ज्यांचा कपडा आहे त्यांच्यासाठी वेगळी खूण हवी, बाहेरून दिसणारी आणि बोटाला लागणारी. एका आजोबांच्या सदऱ्याच्या खिशावर आम्ही लाल दोऱ्याने बैल काढला. त्यांची शेती होती, पोळ्याला बैल सजवायचे ते. बैल काढणारीने तो डुकरासारखा काढला असे सगळ्यांचे मत पडले. आजोबांना मात्र तो बैलच वाटतो.

लाल रंग का? वयाबरोबर डोळ्यांतले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा-हिरवा, फिका गुलाबी-फिका पिवळा हे भेद पुसट होतात. स्टीलच्या टेबलावर स्टीलचा गिलास, पांढऱ्या चादरीवर पांढरा रुमाल, हे या मंडळींना नीट दिसतच नाही. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, आजार पुष्कळ वाढलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. अभ्यास अगदी थोड्या जणांवर होता, तेव्हा आकडे डोक्यात धरून बसू नये. पण पांढऱ्या टेबलावर लाल कापड अंथरायला कोणाची परवानगी लागत नाही.

कपड्यांविषयी आणखी एक. दुसऱ्याचा सदरा अंगात घातलेला आजोबांना कळत नाही असे आपण धरून चालतो. पुष्कळदा कळते, सांगता येत नाही एवढेच. ते दिवसभर बटणे सोडत बसतात आणि आपण त्याला ‘त्रास देणे’ म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, मानसिक आरोग्य संस्थेत राहणाऱ्या व्यक्तीला इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला आहे आणि संस्थेचा गणवेश तिच्यावर लादता येत नाही. साध्या वृद्धाश्रमाला तो कायदा सरसकट लागू होतोच असे नाही. तरी जो हक्क मनोरुग्णालयातल्या माणसाला आहे तो वृद्धाश्रमातल्या आजोबांना आपण आपणहून द्यायला हरकत नसावी.

चष्मा, कवळी, कानाचे यंत्र

या तीन वस्तू हरवल्या की आजार एका दिवसात वाढल्यासारखा वाटतो, आणि पुष्कळदा तो वाढलेला नसतो. माणसाला फक्त दिसत नसते, चावता येत नसते, ऐकू येत नसते. चष्म्याच्या दांडीवर आतल्या बाजूने नाव कोरून घ्यावे आणि बाहेर रंगीत नेलपेंटचा ठिपका द्यावा. कवळी नवीन करताना दंतवैद्याला सांगितले तर नाव आतच बसवता येते. जुन्या कवळीवरही करता येते, पण ते त्यांच्याकडूनच करावे. कवळी कुठे जाते? रुमालात गुंडाळून, उशीच्या अभ्र्यात, आणि सर्वांत जास्त जेवणाच्या ताटात. ताट उष्ट्याच्या बादलीत रिकामे करण्यापूर्वी एकदा बोटाने चाचपावे. कानाच्या यंत्रावर लाल खूण म्हणजे उजवा कान, निळी म्हणजे डावा; ही रीत जगभर आहे. यंत्राला बारीक दोरी लावून कॉलरला अडकवावे. त्यातले बटणासारखे सेल मात्र आजींच्या हाती लागू देऊ नयेत. ते गोळी समजून गिळले जातात आणि जिवावर बेतते.

सोने

इतवारीच्या सराफ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या निवासात हा विषय टाळता येत नाही. दाखल करताना घरचे लोक आजींच्या अंगावरचे सोने काढून घेतात. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. पण साठ वर्षे गळ्यात असलेली पोत किंवा क्रूसाची साखळी, बोटातली लग्नाची अंगठी, हातातल्या बांगड्या एका दुपारी निघून जातात. कारण समजावून सांगितले तरी संध्याकाळपर्यंत ते कारण विसरले जाते आणि हात मात्र शोधत राहतो. एका काकूंनी बोट चोळून चोळून अंगठीच्या जागी जखम केली होती.

यावर काही घरे तशाच घडणीचा एक ग्रॅमचा दागिना करून देतात. आम्ही सुचवू ते इतकेच की तो वजनाला फार हलका नसावा, कारण हाताला फरक कळतो. आणि आजाराच्या सुरुवातीला, समजण्याइतकी शुद्ध असतानाच, आजींच्या समोर आणि त्यांना विचारून तो करावा. त्यांची संमती न घेता अदलाबदल करणे म्हणजे फसवणूक नाही का, यावर आमच्या गटात दोन रविवार वाद झाला. एका बहिणीचे म्हणणे होते की त्या बोटाला आराम पडतो ना, मग झाले. दुसरीचे म्हणणे होते की त्यांना नाही कळले तरी आपल्याला कळते. वाद मिटलेला नाही. काकूंच्या घरच्यांनी शेवटी खरी अंगठीच परत आणून दिली आणि हरवली तर निवासाला जबाबदार धरणार नाही असे लिहून दिले. अंगठी अजून बोटात आहे.

पैशांचेही असेच. ज्या बाईने जन्मभर पदराच्या गाठीत पैसे बांधले तिच्या पदराला गाठच नसेल तर तिला आपण भिकारी झालो असे वाटते. दहा-वीसच्या दोनचार नोटा आणि थोडी नाणी एवढे तिच्याजवळ असू द्यावे, आणि हरवणार हे धरूनच द्यावे. एका आजींच्या उशीत पाचशेच्या सहा जुन्या नोटा निघाल्या, नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या. मुलगा त्या टाकून देणार होता. अशा दहा नोटांपर्यंत जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही हे त्याला सांगितले, आणि त्या परत उशीत गेल्या. आजी आठवड्यातून एकदा त्या मोजतात. सहा भरतात.

“चोरी झाली” म्हणतात तेव्हा

वस्तू लपवणे आणि नंतर चोरीचा आळ घेणे हे या आजाराचेच लक्षण आहे. स्वभावाचा दोष नव्हे. वस्तू सुरक्षित राहावी म्हणून आजी ती लपवतात, लपवल्याचे विसरतात, आणि रिकामी जागा पाहून त्यांचे मन सरळ हिशोब करते : मी ठेवली होती, आता नाही, म्हणजे कोणीतरी नेली. हिशोबात चूक नाही. फक्त एक ओळ गळलेली आहे. आळ येतो तो जवळच्याच माणसावर, म्हणजे घरी सुनेवर आणि निवासात मावशीवर, कारण तेवढेच माणूस सतत जवळ वावरत असते.

त्या वेळी “तुम्हीच ठेवली असेल” म्हणू नये. ते खरे असले तरी त्या क्षणी ते शिवीसारखे लागते. “अगं बाई, नाही सापडत? चला, दोघी मिळून पाहू” एवढे म्हणून उठावे. शोधण्यात आजींना सोबत घ्यावे आणि सापडेल तेव्हा ती त्यांच्याच हाताला सापडू द्यावी. प्रत्येकाच्या लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात : गादीखाली, चपलेत, तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे. त्या जागांची यादी मावश्यांनी एकमेकींना सांगावी. कचऱ्याची टोपली रिकामी करण्यापूर्वी पाहावी. खोलीत लपवायला जागाच ठेवली नाही तर लपवणे थांबत नाही. ते फक्त संडासात जाते.

दुसऱ्याच्या खोलीत जाऊन वस्तू उचलणारेही असतात. त्यांच्या हाताला काम हवे असते. अशांना उचकायला एक खण द्यावा : कापडाचे तुकडे, मोठी बटणे, जुन्या किल्ल्या, दोऱ्याची रिळे. आमच्याकडे एक निवृत्त शिंपीकाका त्या खणात तासन् तास रमतात, आणि शेजाऱ्यांच्या शाली जागेवर राहतात.

आणि घरच्यांना एक विनंती. आळ ऐकला की लगेच पिशव्या उघडू नका. दाखल करतानाच वस्तूंची यादी करून मोबाइलवर प्रत्येकीचा फोटो काढून ठेवा, एक प्रत निवासाकडे द्या आणि दर तीन महिन्यांनी ती ताडून पाहा. शंका आलीच तर व्यवस्थापकांशी बाजूला बोला. खरी चोरी कधी होतच नाही असे नाही. पण महिन्याला तुटपुंजा पगार घेणाऱ्या आणि आपल्या आईचे अंग पुसणाऱ्या बाईची झडती सर्वांसमोर होऊ नये. त्या मावशींची माफी मागायला आजींची लेक आली होती. मावशी “जाऊ द्या ताई” म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडले.

दारावरचा फोटो आणि गार्डसाहेबांची पेटी

वस्तूंपर्यंत पोहोचायचे तर आधी खोली सापडायला हवी. निवासात प्रत्येक दारावर फोटो लावले होते, आधार कार्डासाठी काढतात तसे, समोरून, अलीकडचे. एक आजोबा आपल्या दारासमोर उभे राहून विचारत, “हा म्हातारा कोण?” आणि पुढे जात. या आजारात माणूस मनाने पुष्कळदा तिशी-चाळिशीत असतो. आरशातलाही त्याला अनोळखी वाटतो. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दाराजवळ त्या व्यक्तीचा तरुणपणचा फोटो आणि नाव लावल्यावर खोली सापडण्याचे प्रमाण बरेच वाढले होते. आम्ही आजोबांच्या मुलाकडून त्यांचा गणवेशातला फोटो मागवला.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, इतवारी–नागभीड या छोट्या गाडीवर. ती नॅरोगेज गाडी रुळांच्या रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. पूर्वी प्रत्येक गार्डाची एक पेटी असे, लोखंडी, काळी. तिच्यात झेंडे, दिवा, नियमांची पुस्तके, आणि वर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. ज्यांना पाहायची हौस असेल त्यांनी मोतीबागेतले, २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज संग्रहालय पाहावे. आजोबांचे कपडे लाकडी कपाटात होते आणि ते कपाट त्यांनी कधीच आपले मानले नाही. त्यांच्या मुलाने एक काळी ट्रंक आणली आणि पेंटरकडून तिच्यावर तशाच पांढऱ्या अक्षरांत नाव नि ‘गार्ड’ असे लिहून घेतले. झाकण काढून टाकले, म्हणजे आतले सदरे कायम दिसतात. आजोबा रोज सकाळी त्यातून आपला सदरा स्वतः काढतात. कधी दोन काढतात. संध्याकाळी ते पेटी उचलून दाराशी नेऊन ठेवतात, कारण ड्यूटी लागलेली असते. मावशी अर्ध्या तासाने ती परत आत आणतात आणि गाडी लेट आहे असे सांगतात.

जपमाळेविषयी एकच सूचना. आपल्या लोकांच्या जपमाळा, शेजारच्या आजींची तुळशीची माळ, एका चाचांची तसबीह, हे सगळे सफाईच्या वेळी एकाच डब्यात टाकले जाते. तसे करू नये. मण्यांचा आकार, संख्या आणि मधली गाठ बोटांना पाठ असते, आणि दुसऱ्याची माळ हाती आली की बोटे मध्येच अडखळतात. माळ तुटली तर नवी न आणता तीच ओवून द्यावी.

ज्यांच्या घरी असा आजार नुकताच सुरू झाला आहे त्यांनी निवासाचा विचार येण्याची वाट पाहू नये. एखाद्या दुपारी आईजवळ बसावे आणि ट्रंक उघडावी. कोणती वस्तू ती पुन्हा पुन्हा हातात घेते ते पाहावे. आपल्याला मौल्यवान वाटते ती बहुधा नसते. ती वस्तू आजही मिळत असेल तर तशाच आणखी दोन आणून ठेवाव्यात आणि आतापासूनच आलटून पालटून वापरात घ्याव्यात, म्हणजे तिन्हींना तिच्या हाताचा नि घराचा वास लागेल.

हाताने ठोकून नाव घालणाऱ्या कारागिराकडे पुढच्या फेरीत आम्ही आणखी पाच भांडी नेणार आहोत. ज्या कुटुंबांना आपल्याकडचे भांडे द्यायचे असेल त्यांनी ते रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे आणून द्यावे. जुने भांडे नमुन्यासाठी सोबत असले तर फार बरे. टाके घालायला बसणाऱ्यांनी सुई आणि लाल दोरा घरून आणावा. बैल काढता येणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर यावे.